सेलचं वेष्टण फाटलंय: वापरायचा, नवी स्लीव्ह घालायची, की टाकून द्यायचा?

रिचार्जेबल सेलच्या अंगावरचं रंगीत प्लास्टिक कुठेतरी खरचटतं, टोकाशी सोलतं किंवा चार्जरमधून काढताना टर्रकन फाटतं. सेल तर चालू असतो. मग तो वापरायचा का? प्लास्टिकखालचा धातू दिसत असेल, मग तो टाचणीच्या डोक्याएवढा का असेना, तर सेल लगेच वापरातून बाहेर काढा. चार्जरमध्ये नको, टॉर्चमध्ये नको, खिशात तर नकोच नको.

याचा अर्थ सेल वाया गेला असा मात्र नाही. बरेचदा आतला सेल ठणठणीत असतो आणि नवी स्लीव्ह, म्हणजे अंगावरचं प्लास्टिकचं वेष्टण, चढवणं दहा मिनिटांचं काम असतं. फक्त दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नका. वेष्टण कसं आहे हा एक प्रश्न, सेल कसा आहे हा दुसरा. नव्या स्लीव्हने पहिला प्रश्न सुटतो. खराब सेलला नवी स्लीव्ह घातली तर तो फक्त चांगला दिसायला लागतो, आणि हे फाटक्या वेष्टणापेक्षाही वाईट.

इथलं बहुतेक विवेचन लिथियम-आयन दंडगोल सेलबद्दल आहे, म्हणजे १८६५०, २१७०० वगैरे. या आकड्यांतच माप असतं: १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी, २१७०० म्हणजे २१ मिमी आणि ७० मिमी. पेन्सिल सेल आणि मऊ पाउच बॅटऱ्यांचं वेगळं गणित पुढे येईल.

प्लास्टिकखाली काय असतं

नवख्या माणसाची समजूत अशी असते की वरचं टोक प्लस, खालचं टोक मायनस, आणि मधलं अंग म्हणजे नुसती डबी. लिथियम-आयन सेलमध्ये तसं नसतं. बाहेरची अख्खी स्टीलची डबी मायनस असते. तळ मायनस, चारही बाजूंचं अंग मायनस, आणि मुख्य म्हणजे वरच्या टोकाला आत वळवलेली गोल कडही मायनस. प्लस असते ती फक्त मधली छोटी टोपी. कड आणि टोपी यांच्यामध्ये प्लास्टिकचं सील असतं आणि अंतर जेमतेम एक-दोन मिलिमीटर.

ते अंतर सुरक्षित ठेवणाऱ्या दोनच गोष्टी बाहेरून दिसतात: कडेवर बसवलेली कागदी किंवा प्लास्टिकची इन्सुलेशन रिंग, आणि तिला वरून धरून ठेवणारी स्लीव्हची दुमडलेली कड. स्लीव्ह साधारण ०.१ मिमी जाडीच्या पीव्हीसीची असते. एवढा पापुद्रा गेला की चावी, नाणं, स्प्रिंगचं वाकडं टोक, सुट्टा स्क्रू, काहीही प्लस आणि मायनस एकदम जोडू शकतं.

जोडलं गेलं तर काय होतं ते आकड्यांत पाहा. चांगल्या १८६५० सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला अडथळा, साधारण ३० मिलिओहम धरा. पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट. कागदावर १४० अँपिअर येतात. प्रत्यक्षात स्पर्शाच्या जागीही रोध असतो, म्हणून आपण ६० अँपिअर धरू. तरी सेलच्या आत १०० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम. म्हणजे तापमान सेकंदाला साधारण दोन अंशांनी चढतं. आतल्या प्लेट वेगळ्या ठेवणारा पॉलिथिलीनचा पडदा १३० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो. तिथपर्यंत पोचायला एक मिनिटही पुरतं, आणि त्यापुढे बाहेरचा शॉर्ट, म्हणजे प्लस-मायनसची थेट जोडणी, काढला तरी सेल थांबेलच असं नाही.

काही सेलच्या टोपीखाली तापल्यावर प्रवाह रोखणारी पीटीसी चकती असते. जास्त करंट देणाऱ्या सेलमध्ये ती सहसा वगळलेली असते, आणि तुमच्या सेलमध्ये ती आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

कुठे फाटलंय, त्यावर बरंच अवलंबून

प्लस टोकाची कड उघडी पडली असेल तर धोका सगळ्यात मोठा. तिथे प्लस आणि मायनस शेजारी-शेजारी आहेत. सपाट टोपीचा सेल रुंद पत्र्याच्या कॉन्टॅक्टवर टेकला की तो पत्रा टोपी आणि कड दोन्हींना एकदम लागू शकतो. रिंग सरकली, फाटली, जळकट झाली, तरी हेच. वरून बोट फिरवल्यावर स्लीव्हची कड उचकटत असेल तर धातू दिसायची वाट पाहू नका.

अंगावर मध्येच फाटलं असेल तर धोका कमी वाटतो, आणि एक सेल घेणाऱ्या धातूच्या टॉर्चमध्ये बरेचदा काही होतही नाही. टॉर्चची नळी सहसा मायनसच असते, म्हणून मायनस अंग मायनस नळीला टेकतं. पण तोच सेल चुकून उलटा घातला की प्लस टोपी मागच्या स्प्रिंगमार्फत नळीला जोडली जाते, उघडं अंगही त्याच नळीला टेकतं, आणि थेट शॉर्ट होतो. दोन सेल एकापुढे एक घालायच्या टॉर्चमध्ये तर उलटं घालायचीही गरज नाही. पुढच्या सेलचं अंग मागच्या सेलच्या प्लसशी जोडलेलं असतं. पुढच्याचं उघडं अंग नळीला टेकलं की मागचा सेल शॉर्ट होतो. पॅकमध्ये शेजारी बसलेल्या सेलचंही तसंच: एका समांतर गटातल्या (प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलेल्या) सेलची अंगं एकमेकांना टेकली तर फरक पडत नाही, वेगवेगळ्या गटांतली टेकली तर शॉर्ट.

तळाशी स्लीव्ह थोडी मागे सरकली असेल तर ते सगळ्यात सौम्य. तळ मायनस आणि तळाजवळचं अंगही मायनस. तरी अशी सैल कड प्रत्येक वेळी अडकते आणि फाट वर चढत जाते. म्हणून तीही बदलून टाकलेली बरी.

एका प्रकाराला मात्र वेगळे नियम लागतात: प्रोटेक्टेड सेल, म्हणजे गडबड झाल्यावर प्रवाह तोडणारं सर्किट असलेला सेल. याच्या तळाशी एक गोल सर्किट बोर्ड बसवलेलं असतं, त्यामुळे १८६५० ची लांबी ६८ ते ७० मिमी भरते. त्या बोर्डाला प्लस टोपीकडून जोडणारी एक पातळ निकेलची पट्टी अंगावरून खाली जाते. म्हणजे प्लस पट्टी मायनस डबीला चिकटून धावत असते आणि मध्ये फक्त चिकटपट्टीचा एक थर. अशा सेलचं अंग फाटलं तर पट्टीच उघडी पडू शकते. स्लीव्हखाली उभी, किंचित उंचवट्याची रेघ बोटाला जाणवली तर ती ही पट्टी समजा. प्रोटेक्टेड सेलवर सुरुवातीलाच हात बसवायला जाऊ नका.

फाट काय सांगते ते वाचा

सरळ, एकाच रेषेतली चीर म्हणजे बहुधा होल्डरची किंवा स्प्रिंगची धार. टोकाशी चुरगळलेली कड म्हणजे सेल घट्ट बसतो आणि नखाने उपसला जातो. या दोन्हींत सेलचा दोष नाही.

स्लीव्ह आक्रसून कडेपासून मागे गेली असेल, तिच्यावर सुरकुत्या किंवा फुगे आले असतील, रंग पिवळट-तपकिरी झाला असेल, तर ती उष्णतेची खूण आहे. असं वेष्टण फाटलेलं नसतं, सेल तापल्याने ओढलं गेलेलं असतं. सेल गाडीत उन्हात पडला होता की चार्जरमध्ये तापला, हे निश्चित सांगता येत नसेल तर आमच्या मते तो टाकूनच द्यावा.

छुपी भोकं शोधणं

डोळ्यांना न दिसणारं भोक मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं उपकरण, दाखवतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब (मीटरच्या वायरची धातूची टोकदार काडी) प्लस टोपीवर टेकवा. काळ्या प्रोबचं टोक न वापरता त्याची बाजू स्लीव्हवरून हलकेच फिरवा, दाब न देता. अखंड स्लीव्हवर मीटर शून्याच्या आसपास घुटमळतो, काही मिलिव्होल्ट इकडेतिकडे. एखाद्या जागी एकदम ३ ते ४ व्होल्ट दिसले तर तिथे स्लीव्ह आरपार आहे. वरच्या खांद्यावर, म्हणजे अंग जिथे टोपीकडे वळतं तिथे, सगळ्यात जास्त वेळ द्या.

उघड्या कडेच्या सेलवर लाल प्रोब टेकवताना तो घसरू देऊ नका. प्रोबचं जाड टोक एकाच वेळी टोपी आणि कड जोडण्याइतकं रुंद असतं.

आधी सेल तपासा, मग स्लीव्हचा विचार

पुढच्यांपैकी एक जरी खूण दिसली तर स्लीव्ह बदलायच्या भानगडीत पडू नका, सेल विल्हेवाटीच्या डब्यात जाऊ द्या: डबीला पोचा किंवा चेमटलेली जागा, टोपीभोवती गंज, ओल, पांढरट-करडा थर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, टोपी वर आलेली किंवा खाली दबलेली, वापर नसताना कोमट लागणारा सेल. पोच्याबद्दल लोक हट्ट करतात, कारण सेल चालू असतो. आतली गुंडाळी डबीला घट्ट चिकटून असते, पोचा आला की थर आणि पडदा दाबले जातात, आणि तिथला दोष पुढच्या कुठल्याही चार्जिंगमध्ये बाहेर येऊ शकतो.

मग व्होल्टेज. ३.० व्होल्टच्या वर असेल तर पुढे जा. २.५ ते ३.० मध्ये असेल तर सेल खोल उतरला आहे, स्लीव्ह बदलल्यावर पहिलं चार्जिंग कमी करंटने आणि नजरेसमोर करा. २.० ते २.५ मधल्या सेलवर नवख्याने वेळ घालवू नये. २.० च्या खाली बराच काळ राहिलेल्या सेलमध्ये मायनस बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमतं, त्यातून आतल्या आत शॉर्ट तयार होतो. तो सेल चार्ज करून बघूच नका.

एक लक्षात ठेवा: फाटक्या वेष्टणाचा सेल तपासण्यासाठी म्हणून चार्जरमध्ये घालायचा नाही. चार्ज टिकतो का ही परीक्षा नवी स्लीव्ह चढल्यावर.

काय काय लागेल

पीव्हीसीची हीट-श्रिंक (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी) स्लीव्ह, त्या-त्या सेलच्या मापाची कापलेली. ती सपाट पट्टीच्या रूपात येते आणि माप सपाट रुंदीत सांगतात. १८६५० साठी २९.५ ते ३० मिमी रुंद आणि ७२ मिमी लांब. २१७०० साठी साधारण ३४ ते ३५ मिमी रुंद आणि ७६-७७ मिमी लांब. दुसऱ्या मापाचा सेल असेल तर व्यासाला ३.१४ ने गुणा, दोनाने भागा आणि त्यात एक ते दोन मिलिमीटर मिळवा. लांबीसाठी सेलच्या लांबीत ६-७ मिमी मिळवा. वायरिंगसाठी मिळणारी जाड काळी हीट-श्रिंक नळी घेऊ नका. ती जाड असते, सेल होल्डरमध्ये अडकतो आणि पहिल्याच आठवड्यात पुन्हा सोलतो.

इन्सुलेशन रिंग, शक्यतो मागे गोंद असलेली. १८६५० ला बाहेरचा व्यास साधारण १७ ते १८ मिमी, आतलं भोक टोपीपेक्षा किंचित मोठं. जुनी रिंग धडधाकट दिसली तरी नवी घाला. ती अगदी स्वस्त वस्तू आहे आणि सगळ्यात धोकादायक जागा तीच सांभाळते.

याखेरीज हेअर ड्रायर, प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारचं पिक, कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी पातळ टेप) किंवा साध्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा, मऊ कोरडं कापड, मल्टिमीटर. हीट गन असेल तर सगळ्यात कमी सेटिंगवर. लायटर, मेणबत्ती, गॅसची ज्योत बिलकूल नको: पीव्हीसीला आक्रसायला १०० अंशांच्या आसपासची गरम हवा पुरते, ज्योत कितीतरी पटींनी गरम असते आणि एकाच ठिकाणी लागते.

स्लीव्ह बदलणं

१. टेबल लाकडी किंवा प्लास्टिकचं हवं, स्टीलचं नको. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. टेबलावर एका वेळी एकच सेल, बाकीचे त्यांच्या डब्यात. सेल पूर्ण चार्ज असेल आणि स्लीव्ह वाजवी स्थितीत असेल तर आधी वापरून ३.६ व्होल्टच्या आसपास आणलेला बरा, कारण चूक झालीच तर आत ऊर्जा कमी असते. पण धातू कुठेही दिसत असेल तर तेवढ्यासाठी पुन्हा उपकरणात घालू नका, आहे तसाच घ्या.

२. वेष्टणावरचं सगळं लिहून घ्या किंवा फोटो काढा: कंपनी, मॉडेल, क्षमता, बॅचचा क्रमांक. ही पायरी गाळली की पुढे पंचाईत होते. उघड्या डबीवर बहुतेक वेळा नुसते सांकेतिक आकडे असतात. स्लीव्ह गेली की तो सेल २ अँपिअरचा आहे की २० अँपिअरचा, हे सांगणारं काही उरत नाही.

३. प्लस टोकावर टेपचा तुकडा चिकटवा, टोपी आणि कड दोन्ही झाकून. हे झाल्यावर बाकीचं काम बरंच निर्धास्त होतं.

४. जुनी स्लीव्ह काढायला मायनस टोकाकडून सुरुवात करा. तळाच्या दुमडीखाली प्लास्टिकची पट्टी सरकवा, उचला, आणि फाट वरच्या दिशेने ओढत न्या. स्लीव्ह चिवट असेल आणि ब्लेड लागलंच तर तळाजवळ एक छोटी चीर पाडा, ब्लेड आडवं धरून, अंगापासून बाहेरच्या दिशेला. ब्लेड प्लस टोकाकडे कधीही नेऊ नका. वर पोचल्यावर टेप सांभाळून काढा आणि शेवटची कड बोटांनी सोलून घ्या. वर उठावदार टोपी असलेल्या काही सेलमध्ये ती टोपी म्हणजे वेगळी बसवलेली चकती असते आणि तिला फक्त स्लीव्हचा आधार असतो. ती निसटून पडली तर घाबरू नका, पण कडेला टेकू देऊ नका.

सोलता-सोलता अंगावरची निकेलची पट्टी दिसली तर तिथेच थांबा. हा प्रोटेक्टेड सेल आहे. पट्टीखालची टेप आणि पट्टी दोन्ही जशीच्या तशी असतील तर पट्टीवर कॅप्टॉनचा एक थर देऊन लांब स्लीव्ह घालता येते. पट्टी सुटली, वाकली किंवा तळाचं बोर्ड हललं असेल तर सेल बाद.

५. उघडी डबी कोरड्या कापडाने पुसा. गोंद चिकटला असेल तर कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, सेलवर ओतू नका. आता पोचे, गंज, ओल पुन्हा बघा. स्लीव्हखाली लपलेलं सगळं या पायरीला उघडं पडतं. जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलवर वेल्डिंगच्या निकेलचे टोकदार अवशेष उरतात. ते काढले नाहीत तर नवी स्लीव्ह आतून फाटते. पकडीने वाकवून-वाकवून तोडा, राहिलेलं टोक हलकेच घासून सपाट करा, भुसा कडेच्या खाचेत जाणार नाही याची काळजी घ्या. थेट सेलवर सोल्डरिंग करू नका.

६. रिंग बसवा. टोपी बरोबर भोकाच्या मध्ये आली पाहिजे. रिंग एका बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूला कड उघडी राहते.

७. स्लीव्ह दोन बोटांत चोळून उघडा आणि तळाकडून सरकवा. दोन्ही टोकांना सारखी बाहेर राहिली पाहिजे, साधारण ३ मिमी. क्षमता आणि मॉडेल लिहिलेली कागदाची पातळ चिठ्ठी पारदर्शक स्लीव्हखाली ठेवता येते. रंगीत असेल तर नंतर पर्मनंट मार्करने वरून लिहा, स्लीव्ह बदलल्याच्या तारखेसकट.

८. आधी प्लस टोक. ड्रायर ५-६ सेंटिमीटरवर धरा, सेल सतत फिरवत राहा. काही सेकंदांत कड आत दुमडते. ती रिंगवर एकसारखी बसली की सेल उलटा करून लाकडी टेबलावर क्षणभर टेकवा, कड चपटी होते. मग तळ, शेवटी अंग, खालून वर. सेल हातात धरवेनासा झाला तर तुम्ही फार वेळ हवा मारता आहात. थांबा, गार होऊ द्या, मग पुढे जा. बहुतेक कंपन्या या सेलना ६० अंशांची मर्यादा देतात, आणि गरम व्हायला हवी ती स्लीव्ह, सेल नव्हे.

९. गार झाल्यावर बघा. वरची दुमड रिंगवर सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर आली आहे का? टोपी मोकळी आहे का? दुमड एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नुसती खांद्यापर्यंत असेल तर स्लीव्ह तिरकी बसली. ती पुन्हा तापवून सरळ होत नाही. काढा आणि नवी घाला. शेवटी मल्टिमीटरची भोकं शोधण्याची चाचणी पुन्हा एकदा.

नेमकं काय चुकतं

सगळ्यात सर्रास दिसणारी चूक म्हणजे फाटलेल्या जागी चिकटपट्टी. पारदर्शक स्टेशनरी टेप उष्णतेत सुटते. इलेक्ट्रिक टेपचा गोंद तापल्यावर पाघळतो, कड उचकटते आणि वाढलेल्या जाडीमुळे सेल होल्डरमध्ये घासला जातो. सेल नेऊन टाकेपर्यंत टोक झाकायला टेप उत्तम, वापरातल्या सेलची दुरुस्ती म्हणून नाही. नेलपॉलिशचा थेंब लावण्याबद्दलही हेच म्हणणं आहे: तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि स्प्रिंगच्या धारेपुढे टिकत नाही.

दुसरी चूक, फाटक्या स्लीव्हवरच नवी चढवणं. जाडी दुप्पट होते, आतली फाट झाकली जाते, आणि सेलची पाहणी करायची संधी जाते.

तिसरी चूक घाईची असते, ती म्हणजे स्लीव्ह बदलून थेट जोरकस चार्जिंगला लावणं. पहिलं चार्जिंग ०.५ अँपिअरच्या आसपास, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर, आणि तुम्ही जागे असताना. पूर्ण चार्ज झाल्यावर एक दिवस थांबून व्होल्टेज टिपून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. काही शतांश व्होल्टचा फरक ठीक. ४.० च्या खाली घसरला असेल तर आत कुठेतरी गळती आहे, सेल टाका.

विकत घेतलेल्या सेलची स्लीव्हही कुणीतरी आधीच बदललेली असू शकते, आणि तेव्हा वरचं लेबल काहीही सांगू शकतं. १८६५० वर ५००० किंवा ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, क्षमतेचं एकक) लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे. या मापात नेहमी मिळणारे मोठ्या क्षमतेचे सेल ३५०० च्या आसपास थांबतात. वजन करा: ४४ ग्रॅमपेक्षा बरंच हलकं भरलं तर संशय घ्या.

पेन्सिल सेल आणि बाकीचे प्रकार

निकेल-मेटल हायड्राइडच्या एए आणि एएए सेलमध्येही डबी मायनस आणि वरची टोपी प्लस, म्हणून नियम तेच. व्होल्टेज १.२, इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं द्रावण) पाण्यातलं आणि न पेटणारं, त्यामुळे भडका उडण्याची भीती लिथियमपेक्षा बरीच कमी. पण शॉर्ट झाल्यावर एए सेलही काही अँपिअर नव्हे, दहांनी अँपिअर देतो, हाताला चटका बसतो आणि आतला दाहक अल्कली बाहेर येऊ शकतो. एए ची स्लीव्ह साधारण २३ मिमी रुंद लागते.

एकदाच वापरायच्या अल्कलाइन सेलमध्ये मात्र सगळं उलटं असतं: डबी प्लस आणि तळाची चकती मायनस. तिथे धोक्याची जागा तळाशी. हे सेल स्लीव्ह बदलण्याच्या लायकीचे नसतात, फाटले की बाजूला काढा. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलमध्ये आत सर्किट असतं, त्यांच्या बाहेरच्या कवचाला तडा गेला तरी तोच निर्णय.

फोन, ड्रोन, टॅबलेटमधल्या मऊ चपट्या बॅटऱ्यांना डबीच नसते. चंदेरी ॲल्युमिनियमची पिशवी हेच त्यांचं शरीर. तिला छिद्र पडलं की हवेतली आर्द्रता आत जाते, इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू तयार होतो. चंदेरी थराला चीर, घडी, टोचल्याची खूण किंवा फुगवटा असेल तर दुरुस्ती नाही, टेप नाही. ड्रोनच्या पॅकवरची बाहेरची रंगीत स्लीव्ह फाटली आणि आतली पिशवी पूर्ण गुळगुळीत असेल तेव्हाच नव्या स्लीव्हचा विचार करा, आणि शंका असेल तर तेव्हाही नको. ई-सायकलच्या मोठ्या पॅकचं आवरण फाटलं असेल तर ते जाणकाराकडे द्या. त्यात ३६ किंवा ४८ व्होल्ट आणि कित्येक सेल एकत्र असतात.

पुन्हा फाटू नये म्हणून

स्लीव्ह ज्याने फाटली ती गोष्ट अजून उपकरणात तशीच आहे. होल्डरच्या कडांवरून, स्प्रिंगच्या टोकावरून कापसाचा बोळा फिरवा: जिथे तंतू अडकतील तिथे धार आहे. सेल काढून, उपकरण बंद ठेवून ती धार बारीक पॉलिश पेपरने मारा आणि भुसा झटकून टाका. घट्ट होल्डरमध्ये सेलखाली कापडी फीत ठेवा, म्हणजे काढताना नखं लावावी लागत नाहीत. सुटे सेल प्लास्टिकच्या डबीत, प्रत्येकाचा खण वेगळा. बरेच दिवस ठेवायचे असतील तर ३.६ ते ३.८ व्होल्टवर.

सेल तापायला लागला तर

उपकरणातला सेल अचानक गरम लागला, फुसफुस आवाज आला किंवा वास आला तर तो हाताने उपसायला जाऊ नका. धूर नसेल आणि उपकरण धरण्याजोगं असेल तर ते उघड्यावर, काँक्रीट किंवा मातीवर ठेवून दूर व्हा. धूर सुरू झाला असेल तर माणसं बाहेर, दार बंद, अग्निशमन दलाला फोन. धूर विषारी असतो. एखाद-दुसरा छोटा सेल पेटला आणि तुम्ही सुरक्षित अंतरावर असाल तर भरपूर पाणी चालतं. लिथियम-आयन सेलमध्ये सहसा सुटा लिथियम धातू नसतो, आणि इथे खरी गरज असते ती थंडाव्याची. ज्वाळा विझल्यावरही सेल पुन्हा पेटू शकतो, तासभर तरी जवळ जाऊ नका.

टाकून द्यायचा असेल तर

दोन्ही टोकांवर टेप लावा, अंगावरची फाटही झाका. प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि सगळे मिळून झाकण सैल असलेल्या धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात, कोरड्या वाळूत. झाकण घट्ट लावू नका, वायू बाहेर पडायला वाट हवी. घरच्या कचऱ्यात टाकलेला सेल कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडला जातो आणि तिथे आग लागते. म्हणून बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या, आणि देताना सेल खराब झालेला आहे हे तोंडाने सांगा, कारण असे सेल ते वेगळे ठेवतात. मिठाच्या पाण्यात बुडवून सेल ‘मारण्याची’ युक्ती करू नका: टोकं गंजून प्रवाह थांबतो आणि आत चार्ज तसाच राहतो, वर हायड्रोजन सुटतो तो वेगळाच. विमानप्रवासात खराब झालेला सेल हातातल्या बॅगेतही चालत नाही, सामानातही नाही. तो निघण्यापूर्वीच केंद्रात पोचवा.